ओरोझबायच्या कुरणावर कोणी मरत नाही

"ज्यांना इथे येऊन बरं वाटलं, त्यांनी हात वर करा," ओरोझबाय ताबीप, आमच्या डोंगरातला वैदू, म्हणाला आणि कुरणावरच्या सगळ्या माणसांनी हात वर केले.

शंभरावर माणसं सहज असतील. एका हातात कुमिसाचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा होता म्हणून प्रत्येकाने दुसरा हात वर केला. दोन बायकांनी तर मांडीवरच्या पोरांचेही हात धरून वर केले. मग तो म्हणाला, "ज्यांना बरं वाटलं नाही, त्यांनी हात वर करा." एकही हात वर आला नाही. तेव्हा त्याने डोक्यावरची उंच पांढरी टोपी मागे सरकवली आणि आवाज खाली आणला.

"कितीतरी उन्हाळे झाले, मी या कुरणावर माणसं बरी करतोय. खोकणारी आली, रक्ताची गुळणी टाकणारी आली. काळ्या घोडीचा कुमीस प्यायली आणि उठून बसली. त्यांच्यातलं इथे कोणी मेलं असेल, तर त्याने आत्ता माझ्यासमोर उभं राहून सांगावं."

मेलेल्यांपैकी कोणीही उभं राहिलं नाही. जिवंतांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या.

"आता खाली दवाखान्यात जा आणि विचारा, यंदा क्षयाने किती गेले. तिथे यंत्रं आहेत, वीज आहे, पांढऱ्या कोटातले डॉक्टर आहेत. आणि माणसं मरतात. इथे एक घोडी आहे आणि एक दगड आहे. हिशेब तुम्हीच करा."

लोक हिशेब करत होते, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

हा दगड अंड्याएवढा, पांढरा. ओरोझबाय तो प्रत्येक वाडग्यात बुडवून तीनदा फिरवायचा. कोणी म्हणे तो मक्केहून आलाय, कोणी म्हणे आभाळातून पडलाय. मला तो आमच्या नदीतल्या दगडांसारखा दिसला, पण मी पडले मेंढरांची डॉक्टर, मला दगडातलं काय कळणार?

मी बुरुल. कोक-चुंकुर आणि आसपासच्या गावांतली मेंढरं, घोडी, याक, जे काही चार पायांवर चालतं ते मीच बघते. त्या दिवशी ओरोझबायच्या मेंढरांचं रक्त तपासायची पाळी होती. मेंढ्या गाभडतात असा एक रोग आमच्याकडे आहे, तो माणसांनाही होतो, म्हणून दर उन्हाळ्याला कळपाकळपातून नमुने घ्यावे लागतात. कामाचं कारण खरंच होतं. पण मी नुसती मेंढरांसाठी वर चढले नव्हते. त्या गर्दीत पहिल्या रांगेत साइकाल बसली होती.

साइकाल ही माझ्या शेजारच्या केरेझ आपाची सून. नवरा रशियात इमारतींच्या कामावर, पदरात दोन वर्षांची मुलगी. वसंतात तिला क्षय निघाला आणि गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्या पोटाला फार जड. सकाळी घेतल्या की दुपारपर्यंत ती भिंतीला टेकून, तोंडाला रुमाल लावून बसायची. पण खोकला थांबला, अंगावर थोडं मांस आलं. आणि इथेच घोळ होतो. माणसाला बरं वाटायला लागतं तेव्हा रोग अजून अर्धा आत असतो. गोळ्या तिथे सोडल्या तर तो परत येतो, आणि पुष्कळदा असा येतो की त्याच गोळ्यांना मग दाद देत नाही. साइकालच्या गोळ्या निम्म्यावर आल्या होत्या.

"मी तिला ओरोझबायकडे नेते," केरेझ आपाने मला कुंपणावरून सांगितलं.

"न्या ना. कुमीस प्यायला कोण नको म्हणतंय? मीही पिते. गोळ्या चालू ठेवा म्हणजे झालं."

"तसं चालत नाही. ताबीप म्हणतो, दोन्ही एका पोटात नांदत नाहीत. गोळी आत असली तर घोडी रुसते."

"घोडीला कसं कळतं?"

"ते मला काय माहीत? जनावरांची डॉक्टर तू आहेस, तूच सांग."

केरेझ आपा काही दुष्ट सासू नव्हे. साइकालला उलटी झाली की तसराळं तीच धरायची, नातीला रात्रंदिवस तीच बघायची. पण तिचा सख्खा भाऊ काही वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या दवाखान्यात याच रोगाने गेला होता. "चालत गेला आणि चादरीत गुंडाळून आला," ती म्हणाली. "तिथे मरतात, बुरुल. वर कोणी मरत नाही. एवढं साधं आहे."

मी माणसांच्या डॉक्टरला बोलावून आणलं. केरेझ आपाने त्याला चहा दिला, गरम बोर्सोक तळून दिले, त्याचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "तुमच्याकडे यंदा किती गेले?" तो खरं बोलणारा माणूस आहे. त्याने आकडा सांगितला, आणि त्याचं काम तिथेच संपलं.

गाडीचा रस्ता खिंडीच्या पायथ्याला संपतो. पुढे घोड्यावरून चढायचं, तेही अशा वाटेने की एका बाजूचा पाय डोंगराला घासतो आणि दुसऱ्या बाजूला बघू नये. ओरोझबायचा नियम असा, की रोग्याने एकट्याने घोड्यावर बसून यायचं. कोणी मागे बसून धरायचं नाही, खोगिराला बांधायचं नाही. "ज्याला स्वतःचा लगाम धरवत नाही, त्याचा जीव मी कसा धरू?" असं तो विचारायचा आणि लोकांना हे फार खोल वाटायचं. मला तो नियम देखाव्यापुरता वाटला. त्याचं सगळं दुकान त्याच नियमावर उभं आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

तर हात वर करून झाले, आणि मी उठले. म्हटलं, "ताबीप, मला एक बोलायचंय. क्षय जंतूंनी होतो. गोळ्या त्या जंतूंना मारतात. मधेच थांबवल्या तर—"

"एजे, बसा बसा," तो हसून म्हणाला. माझ्यापेक्षा चांगला दहा वर्षांनी मोठा असून मला थोरली बहीण म्हणत होता. "मी तुमच्या मेंढ्यांना कुमीस पाजतो का? नाही. मग तुम्ही माझ्या माणसांना सुया कशाला टोचता?"

लोक हसले.

"बरं, तो जंतू आणलाय का बरोबर? दाखवा सगळ्यांना. माझा दगड मी दाखवलाय."

माझ्या पिशवीत सुया होत्या, काचेच्या नळ्या होत्या, जंतू नव्हता. मी खाली बसले.

केरेझ आपाने साइकालच्या खिशातून गोळ्यांची पाकिटं काढून ओरोझबायच्या हातात दिली. त्याने ती डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवली आणि मेहुण्याकडे सोपवली. हा मेहुणा सागिन, कुरणावरची वरकड कामं बघणारा. "घोडीची पुढची धार काढली की या आगीत टाकायच्या," ओरोझबाय म्हणाला. "मग पहिला वाडगा हिला." सागिनने पाकिटं कमरेच्या पट्ट्यात खोवली. घोड्या दिवसात पाच-सहा वेळा पिळतात, म्हणजे माझ्या हातात दीड-दोन तास होते. साइकाल जमिनीकडे बघत होती. तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

मला राग आला होता, आणि राग आला की मी काम करते. मी मेंढवाड्याकडे गेले.

सागिन एकेक मेंढी कान धरून आणायला लागला. धार निघेपर्यंत करायला काही नव्हतं, म्हणून माणसंही कुंपणाभोवती जमली. मेंढ्या बघण्यासारख्याच होत्या. शेपटीला चरबीचे लोंबते गोळे, लोकर चकचकीत, डोळे स्वच्छ. मी मानेची शीर शोधायची, सुई घालायची, नळी भरायची. असे काही नमुने झाल्यावर मी सुई खाली ठेवली.

"सागिन, या कोणी निवडल्या?"

"कोणी नाही. फाटकाजवळ होत्या त्या आणल्या."

कुंपणावर खसखस पिकली. त्या सगळ्यांना हा खेळ ठाऊक होता. ज्या मेंढीचं रक्त खराब निघतं ती कापावी लागते, म्हणून डॉक्टर यायच्या दिवशी गाभडलेल्या मेंढ्या टेकडीमागे चरायला जातात. उरलेल्यांतल्या जाडजूड तेवढ्या फाटकाजवळ उभ्या असतात. त्यांचं रक्त निर्मळ निघतं, कागदावर कळप निरोगी होतो आणि पुढच्या वसंतात पुन्हा कोकरं मरून पडतात. कुंपणावर टेकलेल्या गावकऱ्यांपैकी प्रत्येकाने माझ्याशी हा खेळ खेळलाय. पांढऱ्या दाढीचे काचिके आक्साकाल तर माझ्या हाती दोनदा सापडलेत.

"सगळा कळप एवढाच?" मी विचारलं.

"एवढाच."

"मग टेकडीमागे भुंकतंय कोण?"

"कुत्रं आहे."

"कुत्रं कोणाला राखतंय?"

सागिन टेकडीकडे बघत राहिला. काचिके आक्साकाल कुंपणावर हनुवटी टेकवून म्हणाले, "अरे, निदान कुत्रं तरी घरी ठेवायचंस. मी ठेवायचो."

आता मात्र सगळं कुरण हसलं. दोन घोडेस्वार आपणहून टेकडीमागे गेले आणि राहिलेली मेंढरं हाकत घेऊन आले. लंगडी, हाडकुळी, लोकर गळालेली, अशी सगळी त्यांत होती. मी दोन्ही कळप एकत्र करायला लावले, फाटक एक मेंढी जाईल इतकंच उघडं ठेवलं आणि सांगितलं, जाताना दर पाचवी मेंढी धरायची. मोजायला काचिके आक्साकाल उभे राहिले. अनुभवी माणूस.

शहरातून आलेला एक चष्मेवाला, दम्यासाठी आला होता, तो म्हणाला, "आजोबा, नमुनाच घ्यायचा तर कुठलीही घ्या की. ही जवळची काय वाईट आहे? एवढा खटाटोप कशाला?"

"बाळा," काचिके आक्साकाल पाचव्या मेंढीवर बोट रोखत म्हणाले, "फाटकाजवळची असते ती मालकाने दाखवलेली. पाचवी कोणी दाखवत नाही, ती तिच्या पाळीने येते. ही बघ, आली लंगडी. धरा तिला."

मी नळी हातात धरून तशीच उभी राहिले. आयुष्य मेंढरांत काढलं, आणि सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर फाटकाजवळ उभा केलेला कळप मला दिसला नव्हता.

"आक्साकाल," मी म्हटलं, "सकाळी ताबीपने हात वर करायला सांगितलं, ते कोणाला?"

"इथे होते त्यांना."

"आणि टेकडीमागच्यांना?"

"माणसं कुठली टेकडीमागे?"

"ज्यांना एकट्याने खोगिरावर बसता आलं नाही, ते खिंडीच्या पलीकडेच राहिले. आणि इथे येऊन ज्यांचं दुखणं वाढलं, ते आज इथे नाहीत. त्यांनी हात कधी वर करायचा?"

काचिके आक्साकाल मोजायचं विसरले. एक मेंढी निघून गेली, मग दुसरी गेली, ती सहावी होती की अकरावी हे कोणी सांगू शकलं नसतं. सागिनने फाटक ओढून घेतलं.

मी कुंपणाकडे वळले. सकाळसारखं जंतूंचं भाषण केलं नाही. म्हटलं, "मला एवढंच सांगा. तुमच्या घरातलं, शेजारपाजारातलं, नात्यातलं, इथे आजारी म्हणून येऊन गेलेलं आणि आज इथे नसलेलं कोण आहे? ते कसे आहेत?"

ओरोझबाय घोडीपाशी होता, तो तिथून म्हणाला, "धार काढायची वेळ झाली, चला सगळे."

"माझा धाकटा भाऊ," काचिके आक्साकाल म्हणाले. "मागच्या उन्हाळ्यात आला होता. इथे चांगला होता. खायचा, हसायचा. मग एका सकाळी ताबीपने नाडी बघितली आणि म्हणाला, याला घरची माती हाक मारतेय, घेऊन जा. आम्ही घेऊन गेलो."

"मग?"

"मग काय? गेला. खाली उतरलो त्याच आठवड्यात."

"कुठे गेला?"

"घरी. अंगणात तंबू उभारला, सगळं रीतसर केलं."

"आक्साकाल, तो कोणाच्या हिशेबात धरला?"

म्हातारा बोटांवर मोजायला लागला आणि थांबला. "कोणाच्याच नाही," तो म्हणाला.

आमच्यात माणसाने परक्या जागी जीव सोडू नये. शेवट जवळ आलासा वाटला की त्याला घरी आणायचं, स्वतःच्या अंगणातून न्यायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी येऊन मोठ्याने रडायचं. ही रीत चांगली आहे आणि मलाही तसंच जायचंय. पण याच रीतीमुळे ओरोझबायच्या कुरणावर कोणी मरत नव्हतं. त्याला काही करावंच लागत नव्हतं. फक्त वेळेवर नाडी बघायची.

फुलाफुलांचा रुमाल बांधलेली एक बाई म्हणाली, "माझी आई. तिला इथून नेताना वाटेत जास्त झालं म्हणून दवाखान्यात घातलं. दुसऱ्या दिवशी संपली."

"म्हणजे ती दवाखान्याच्या आकड्यात गेली," चष्मेवाला हळूच म्हणाला. माणूस शिकलेला होता, एकदा दिसलं की त्याला भराभर दिसायला लागलं.

मग तिसरा कोणी बोलला, मग पाठीमागून आणखी कोणी. प्रत्येकाला वाटत होतं की आपलं माणूस तेवढं अपवाद, आपण घाई केली, आपण लवकर उतरवलं, चूक आपलीच. मी किती जण ते मोजलं नाही. जे बोलले तेवढेच मोजले असते तर माझेही ते फाटकाजवळचेच झाले असते. शिवाय बरे होऊन घरी गेलेलेही असतील, का नसतील? कितीक आजार आपणहून जातात, आणि चांगली हवा, दूध, विश्रांती कोणाला वाईट नसते. मला फक्त एवढं दिसत होतं की सकाळच्या त्या हातांवरून काहीच कळत नव्हतं.

"तरी तुम्ही हात वर केलात," मी त्या रुमालवाल्या बाईला म्हटलं.

ती लाजली. "त्याचाच कुमीस हातात होता ना, एजे. ज्याच्या दारात बसून प्यायचं, त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

ओरोझबाय आता कुंपणापाशी आला होता. मानलं पाहिजे, तो डगमगला नाही. "लोकहो, नीट ऐका," तो म्हणाला. "ते सगळे खाली उतरले म्हणून मेले. मी काय म्हणतो? इथे कोणी मरत नाही. ते इथे होते का? नव्हते. मग माझंच खरं झालं की."

"तूच म्हणालास, घेऊन जा," काचिके आक्साकाल म्हणाले.

"मी नाही म्हणालो. नाडी म्हणाली."

"बोलली तुझ्याच तोंडाने."

यावर तो काही म्हणायच्या आत केरेझ आपा उठली. तिचे गुडघे दुखतात, ती साइकालच्या खांद्यावर हात ठेवून उठते. तशीच सुनेला धरून ती कुंपणापर्यंत आली.

"ओरोझबाय, ही माझी सून. हिची नाडी बिघडली तर तू काय करशील?"

"आपा, काळी घोडी असताना नाडी बिघडत नाही."

"बिघडली तर?"

"तर रीतीप्रमाणे तुम्हीच तिला घरी न्याल."

"मी नेणार नाही. हिचा नवरा इथे नाही, हिची मोठी मीच. मी सांगते, हिला इथेच राहू दे, शेवटपर्यंत. तुझ्या तंबूत. तू ठेवशील?"

ओरोझबायने टोपी पुढे घेतली, मग मागे सारली. "आपा, असं अभद्र बोलू नये."

"ठेवशील का, ते सांग."

तो घोडीकडे बघायला लागला. घोडी शेपटीने माश्या हाकलत होती.

"माझ्या भावाला दवाखान्याने शेवटपर्यंत ठेवलं," केरेझ आपा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी त्यांना किती शिव्या घातल्या. पण त्यांनी त्याला दाराबाहेर काढला नाही. म्हणून तो त्यांच्या आकड्यात आहे." मग तिने सागिनपुढे हात पसरला. "गोळ्या दे."

सागिनने ओरोझबायकडे बघितलं, लोकांकडे बघितलं, आणि पट्ट्यातली पाकिटं काढून तिच्या हातावर ठेवली.

तेव्हा साइकाल पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "एजे, पाणी आहे का?"

माझ्या खोगिराला बाटली होती. सकाळपासून राहिलेल्या गोळ्या तिने एकेक करून घेतल्या. शेवटची घेताना तोंड वाकडं केलं आणि डोळे मिटून थोडा वेळ उभी राहिली. मी काळ्या घोडीच्या शेजारीच होते. घोडी रुसल्याचं मला काही दिसलं नाही.

सगळं कुरण आमच्याबरोबर खाली उतरलं असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. निम्मे उतरले असतील. बाकीचे धारेच्या वाडग्यासाठी थांबले. ओरोझबाय अजून वरच आहे, दगड आहे, घोडीही आहे. रोग्याने एकट्याने यायचं हा नियम त्याने आता जास्त कडक केलाय, असं ऐकते. त्याच्या मेंढरांत मात्र रोग निघाला. दर पाचवी धरली म्हणून निघाला, आणि निघाला तो टेकडीमागच्या मेंढ्यांत. सागिन मला अजून रस्त्यात दिसला की दुसरीकडे बघतो.

मी ही गोष्ट सांगते ती ओरोझबायसाठी नाही. असे लोक येतील आणि जातील. कोणी तुमच्यासमोर बरी झालेली माणसं उभी केली, तर त्या माणसांशी भांडत बसू नका, ती बहुतेक खरंच बोलत असतात. विचारायचं ते उभं करणाऱ्याला. एकूण आले किती होते? दारातूनच परत कोणाला पाठवलंस? मधेच निघून गेलेल्यांचं पुढे काय झालं, ते बघायला कोण गेलं होतं? आणि यांनाच समोर का आणलंस? ताबीपला विचारा, पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरला विचारा, मी येऊन काही सांगितलं तर मलाही विचारा. ज्याने सगळ्यांना मोजलंय, तो रागावत नाही.

साइकालने गोळ्या पुऱ्या केल्या. मधे दोनदा पुरे झालं म्हणून रडली, एकदा केरेझ आपावर वाडगा फेकला, पण पुऱ्या केल्या. बर्फ पडायच्या सुमारास तिच्या थुंकीत रोग नाही असं निघालं. आता ती मुलीला पाठीवर घेऊन डोंगर चढते.

तेव्हापासून केरेझ आपाला नवीनच चळ लागला. कोणाच्याही घरी खोकला ऐकू आला की ती सुनेला हाताला धरून तिथे नेते, दिव्याखाली उभी करते आणि म्हणते, "बघा. गोळ्यांनी झाली. अजून काय पुरावा पाहिजे?" एकदा मी तिथेच होते. मला राहवलं नाही.

"आपा, हे तुम्ही ओरोझबायसारखंच करताय."

"मी? मी काय खोटं बोलते? ही बघ, उभी आहे."

"उभी आहे तीच तुम्ही आणलीत. एका बाईवरून गोळ्या चांगल्या ठरत नाहीत. तुमच्या भावानेही गोळ्याच घेतल्या होत्या."

केरेझ आपा तटकन म्हणाली, "मग तू कशावरून म्हणतेस चांगल्या?"

"ज्यांनी त्या तपासल्या, त्यांनी बरे झालेले निवडून आणले नाहीत. आधी आजारी माणसं घेतली, कोणाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं, आणि मग एकेकाचं शेवटी काय झालं ते बघितलं. जो घरी जाऊन मेला, त्याच्या घरी जाऊन त्यालाही मोजलं. एवढं करून जास्त माणसं वाचली, म्हणून चांगल्या."

केरेझ आपाला हे पटलं पण आवडलं नाही. ती चहा ओतायला लागली. साइकाल दिव्याखालीच उभी होती, मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती.

"म्हणजे एजे," तिने विचारलं, "मी बरी झाले ते मोजायचं की नाही?"

"मोजायचं," मी म्हटलं. "बाकीच्यांबरोबर."